चौघींनी उचलायची तालीम

आमच्या दंगल नियंत्रण पथकात पदवीधर मुली पुष्कळ आहेत, पण घरातली पहिली शिकलेली म्हणून मिरवणारी मी एकटीच. मिरवते, हे मान्य करते. वडील खाडीत होडी घालतात, आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसते, आणि दोघांच्या इयत्तांची बेरीज केली तरी सातवी पास होत नाही. कल्याणच्या कॉलेजातून मी बीए झाले तेव्हा आईने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून देव्हाऱ्यामागे ठेवला. पोलिसात मी धावून, गोळा फेकून आणि लेखी परीक्षा देऊन आलेले, कुणाच्या ओळखीने नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला नडला तो माझा शिकलेपणाच.

दंगल नियंत्रण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लाठीमार येतो. आमचा बहुतेक वेळ मात्र उभं राहण्यात जातो. पुढची रांग ढालीला ढाल लावून उभी. मागच्या रांगेतल्या प्रत्येकीचा डावा हात पुढचीच्या कमरपट्ट्यात. पुढची पडली, किंवा चिडून रांग सोडून धावली, तर मागचीने तिला पट्ट्याला धरून मागे ओढायचं. आमचे कवायतीचे उस्ताद रोज तेच सांगायचे, "लाठी काय, कोणीपण मारेल. शिव्या खाऊन जागेवर उभी राहील ती माझी."

आठवड्यातून दोनदा ठाण्याच्या मैदानावर तालीम असायची. निम्मं पथक पोलीस, निम्मं पथक जमाव. जमावाने ओल्या गोणपाटाचे गोळे फेकायचे, रिकाम्या बाटल्या फेकायच्या आणि समोरचीला जिव्हारी लागेल तेच ओरडायचं, असा उस्तादांचा नियमच होता. बाहेरचे लोक दयामाया दाखवणार नाहीत, मग आपण कशाला दाखवायची? एकीचं लग्न मोडलेलं, तिला त्यावरून. एकीची उंची भरतीत कशीबशी भरलेली, तिला त्यावरून. माझ्यासाठी काय ओरडायचं ते सगळ्यांना पाठ होतं.

"ए कोळणी, ढालीला बोंबलाचा वास येतोय गं!"

"बीए झाली, बीए झाली, टोपली जाऊन ढाल आली!"

ही दुसरी घोषणा माझ्या जोडीदारणीने रचलेली. ती टिटवाळ्याहून यायची. रांगेत माझा पट्टा तीच धरायची आणि जमावात गेली की सगळ्यात मोठ्याने तीच ओरडायची. तालीम संपली की डबा उघडून म्हणायची, "राग नको मानू हां. रविवारी डोंबिवलीला उतरणारे मी, आईला सांग, चांगले बोंबील ठेव." मी हसायचे. रांग मी एकदाही सोडली नाही, हे मात्र उस्तादांच्या वहीत लिहिलेलं आहे.

यंदा आमच्या गावाच्या बंदरावर पत्रे लागले. खाडीकाठाने रस्ता होणार, बाग होणार, लोकांना संध्याकाळी चालायला जागा होणार असं सांगतात. होईलही. पण होड्या जिथे लागतात आणि जाळी जिथे सुकतात, नेमकी तीच जागा पत्र्यांच्या आत गेली. गावाने पुढच्या सोमवारच्या मोर्चाची नोटीस दिली. पत्रे काढणार, असं त्यात सरळ लिहिलेलं. बंदोबस्त आमच्या पथकाकडे आला.

मला वाटलेलं, त्या दिवशी मला दुसरीकडे कुठेतरी ठेवतील. साहेबांनी उलट बोलावून घेतलं. आमचे साहेब म्हणजे पथकाचे निरीक्षक, मोजकं बोलणारा माणूस.

"तुझं गाव ना ते?"

"हो सर."

"बायका काय करतील? दगड मारतील?"

"नाही सर. बसतील."

"बसतील म्हणजे?"

मी सांगायला लागले तर हात वर करून म्हणाले, "असं नको. लिहून दे. तू लिहिशील चांगलं."

ते शेवटचं वाक्य ते सहज म्हणाले की मुद्दाम, याचा मी नंतर खूप विचार केलाय. तेव्हा केला नाही. ठाण्यात खोपटजवळ आम्ही तिघी मिळून खोली घेऊन राहतो. तिथे पलंगावर बसून मी कॉलेजात पेपर लिहायचे तशी, मथळा घालून, समास सोडून तीन पानं लिहिली. 'जमावाची संभाव्य हालचाल.' म्हाताऱ्या पुढे बसतील. कोपरात कोपर अडकवतील. पुरुषांना मागे ठेवतील, कारण पुरुष पुढे आले की मारामारी होते हे बायकांना पक्कं ठाऊक आहे. ओढायला गेलात तर मासळी धुतलेलं पाणी अंगावर येईल. घोषणा कोण देईल, पाणी कोण वाटेल, कोण उठलं की सगळ्या उठतील, सगळं लिहिलं. एक शब्द खोटा नव्हता.

साहेबांनी ती पानं हजेरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि म्हणाले, "असं लिहिता आलं पाहिजे." माझी मान ताठ झाली. आपण काय देऊन बसलोय ते तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. थोडंसं कळलेलं. पण कौतुक त्याहून मोठं वाटलं.

मग सगळा आठवडा एकच तालीम. बसलेल्या बाईला उचलायचं. एकीला चौघी. दोघी काखेतून, दोघी गुडघ्यांखालून. डोकं मागे पडू द्यायचं नाही, साडी सावरायची आणि थेट गाडीपर्यंत न्यायची. म्हातारी कोण होणार? उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "तुलाच माहितेय कशा बसतात. बस."

बसले. आई बाजारात बसते तशी. एक पाय दुमडून, एक गुडघा वर, सगळं वजन खाली सोडून. पहिल्या वेळी चौघींना मी हललेसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी जोडीदारणीने काखेत हात घातला, "चल गं आजी, सासरी," म्हणाली आणि मला अशी उचलली की पाय हवेत आणि तोंड आभाळाकडे. सगळ्या हसत होत्या. मीही हसले. तेवढ्यात माझा एक बूट निघाला. दोन्ही हात दुसऱ्यांच्या ताब्यात, बूट मागे राहिलेला, आणि मला कोणी थांबवून घालू देईना. तेव्हा एकदम डोक्यात आलं की ह्याच चौघी सोमवारी माझ्या आईला अशा उचलणार आहेत. तिची चप्पलही अशीच मागे राहील.

शनिवारी सुट्टी होती म्हणून घरी गेलेले. अंगणात आईबरोबर चार-पाच जणी बसलेल्या. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. हळू झालं नाही, थांबलंच. एक काकी सोललेली कोलंबी पुन्हा सोलायला लागली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"कई नाय गो," काकी म्हणाली. "तुजी सुट्टी हाय, का सायबानं धाडलंय?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

जेवताना मी तिला सरळच विचारलं, "तू पुढे बसणार?"

"बसनार नाय त काय नाचनार?" असं म्हणून तिने भात वाढला. मग कालवण वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौघी चौघी धरता म्हनं तुमी एकीला. दोगी काखंन, दोगी पायान. खरा का?"

घास हातातच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"आयकलंय."

"कुणाकडून?"

"पोलीस हास ना? शोद."

मी सांगितलं नव्हतं. मग कोणी? आईशी दर रविवारी बोलणारी आमच्या पथकातली एकच होती. दुसऱ्या दिवशी तालमीआधी मी जोडीदारणीला बाजूला घेतलं.

"तू माझ्या आईशी तालमीबद्दल काही बोललीस का?"

"मी? अगं, मी बोंबलाच्या पुढे कधी गेलेच नाही." मग ती थांबली आणि तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुझ्या घरी माहितेय?"

मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं, आणि बोलायलाही नको होतं. मुळात विचारायलाच नको होतं. चौकशी करायला गेले आणि स्वतःच सांगून बसले.

दुपारी साहेबांचं बोलावणं.

"गावात कळलंय म्हणे."

"मी सांगितलं नाही सर."

"मी कुठे म्हटलं तू सांगितलंस? फोन ठेव जरा टेबलावर."

ठेवला. त्यांनी माझ्यासमोर बघितला. आईला केलेले फोन, भावाचे मेसेज, मैत्रिणीच्या बारशाचे फोटो. काही सापडलं नाही. काही न सापडल्यामुळे संशय कमी झाला असं मात्र त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. म्हणाले, "उद्या तू पुढच्या रांगेत, बरोबर मधे. नीट उभी राहिलीस तर पथकात आहेस. नाहीतर कसुरी रिपोर्ट लिहीन आणि मुख्यालयात परत जाशील."

मधेच का? मी नीट राहते का ते बघायला, की गावच्या बायकांना मी दिसावी म्हणून? विचारलं नाही. बाहेर आले तर उस्ताद नवी यादी वाचत होते. माझ्या मागे आता टिटवाळ्याची नव्हती. आमच्या पथकातल्या सगळ्यात जुन्या हवालदार ताई होत्या, ज्यांचा हात म्हणजे पक्कड. जोडीदारीण दुसऱ्या टोकाला उभी होती आणि मी बघितलं तशी बुटाची नाडी बांधायला वाकली. ती मला ओळखते तशी मीही तिला ओळखते. तिची नाडी सुटलेली नव्हती.

सोमवारी नऊ वाजता आम्ही पत्र्यांना पाठ लावून उभ्या राहिलो. साडेनऊला मोर्चा आला. मी लिहिलं होतं तसाच. म्हाताऱ्या पुढे, पुरुष मागे. बसल्या. कोपरात कोपर. साहेब कागद न काढता माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होते. आई माझ्या बरोबर समोर, दहा पावलांवर बसलेली. तिने ओळख दाखवली नाही.

आम्ही सगळ्या शिव्यांना तयार होतो. गेले कित्येक महिने त्याचाच सराव. पण एकीनेही मला शिवी दिली नाही. आईच्या शेजारची एक आजी, ऊन चढलं तशी, पदराने डोळ्यांवर सावली करून म्हणाली, "बाय, पानी पिलीस का गो? टोपी कवरी जड हाय ती!" हेल्मेटच्या काचेमागे मला रडू फुटलं. ह्याची तालीम उस्तादांनी घेतली नव्हती.

अकराच्या सुमाराला साहेबांनी हुकूम दिला. पहिल्या चौघी पुढे झाल्या आणि टोकाच्या आजीला धरलं. काख, काख, गुडघा, गुडघा. उचललं तर तिच्या शेजारची बरोबर ओढली गेली. तिच्या शेजारचीही. आजीचा पदर सरकला आणि दिसलं. कमरेला दोर होता. सगळ्या पुढच्या रांगेने जाळ्याचा दोर एकीच्या कमरेतून दुसरीच्या कमरेत घेतलेला, पदराखाली. चौघींनी एकीला उचलायचं शिकलेलो आम्ही. चौदा जणींना कोण उचलणार?

हे मी लिहिलं नव्हतं. गावात असं कधी कोणी केलंच नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगते, हेल्मेटच्या काचेतूनही ते बघणं मला टोचलं. माझ्या पट्ट्यातला हात आवळला गेला. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी कुशीवर पडली आणि दोन्ही बाजूंनी ओढ बसून दोर तिच्या पोटात रुतायला लागला. ती ओरडली. बायका किंचाळल्या, मागचे पुरुष उठले.

"कापा तो दोर!" साहेब ओरडले. गाडीतून कोणीतरी सुरी घेऊन धावलं.

सुरी, आणि एकमेकींना बांधलेल्या घाबरलेल्या चौदा बायका. मी रांग सोडली असती तर संपलंच होतं. जागेवरून ओरडले, "सर, कापू नका! उचलणं थांबवा, त्या स्वतः सोडतील."

"कशावरून?"

होडी बांधायची गाठ होती ती. एका शेंड्याला झटका दिला की सुटते, दुसऱ्याला ओढाल तितकी आवळते. मला ती आठव्या वर्षापासून येते. साहेबांना एवढं सांगितलं असतं तर आमच्या मुलींनी दोन मिनिटांत सगळ्या सोडवल्या असत्या. तीन पानं आधीच देऊन झालेली होती. हे चौथं मी दिलं नाही.

"मी सांगते म्हणून," मी म्हटलं.

साहेब क्षणभर थांबले. माझी नोकरी त्या क्षणात होती आणि ती माझ्या हातात नव्हती, आईच्या होती. उचलणाऱ्या चौघींना त्यांनी मागे घेतलं. आता बायकांनी सोडलं नाही, तर मी खोटी, फितूर, दोन्ही.

आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मायेने पाहिलं असं मी लिहिणार नाही. बाजारात गिऱ्हाईक मासा परत करायला आलं की ती जशी बघते, तसं. हा म्हणतो ते खरं की नाही? मग तिने सुरीवाल्या शिपायाकडे पाहिलं, पडलेल्या म्हातारीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या कमरेशी हात नेऊन शेंडा ओढला. तिची सुटली तशी शेजारणीची, तिची सुटली तशी पुढचीची. म्हातारीला उठवून बसवलं, पाणी दिलं. दोर गोळा करून आईने मांडीखाली घेतला आणि सगळ्या पुन्हा तशाच बसल्या.

साहेबांनी परत उचलायचा हुकूम दिला नाही. तासाभराने महापालिकेचा एक अधिकारी आला, निवेदन घेतलं, होड्यांना वाट ठेवू असं तोंडी म्हणाला. बायका उठल्या. तोंडी आहे, लेखी नाही, हे त्यांनाही कळत होतं.

गाडीत बसल्यावर मी हवालदार ताईंना विचारलं, "ताई, साहेबांनी काय सांगितलेलं तुम्हाला?"

"तू त्यांच्यात गेलीस तर ओढायची," त्या म्हणाल्या. "पण मी धरलं ते तू उन्हात डुलायला लागलेलीस म्हणून. सकाळी काही खाल्लं नव्हतंस ना?"

पुढच्या सुट्टीला घरी गेले आणि आईला म्हटलं, आता तरी सांग. तिने सांगितलं. माझी मावशी, आईची सख्खी बहीण, कित्येक वर्षं ठाण्याच्या पोलीस लाइनीत, आमच्या लोकांच्या वसाहतीत, दारोदार मासळी विकते. मला माहीत होतं, लहानपणी तिच्याबरोबर मी गेलेलेही. पण संशय घेताना ती माझ्या मनात आलीच नाही. आपल्याच घरची टोपली कुठे कोणाला दिसते? तिला कुठल्या दारात कोणाची कंबर धरली ते कळलं, कुठल्या दारात चौघी कशा धरतात ते कळलं. आणि साहेबांच्या दारात, बाईसाहेब पापलेटचे कल्ले बघता बघता म्हणाल्या होत्या, तुमच्या गावची मुलगी किती सुंदर लिहिते हो, आमच्या ह्यांनी मला सगळं वाचून दाखवलं.

"समदा?" मी विचारलं.

"समदा. म्हाताऱ्या पुढं बसनार, पानी कोन वाटनार, समदा." आई जाळं विणत होती, मान वर केली नाही. "मंग आमी दोर आनला."

म्हणजे त्या शनिवारी तिने मला भात वाढला तेव्हा तिला माहीत होतं की तो कागद मीच लिहिलाय.

दोन दिवसांनी साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माहिती कुठून फुटली, लिहून दे."

"सर, माझ्या घरून फुटली नाही."

"मग कुठून?"

"मला माहीत आहे. पण मी लिहिणार नाही."

"वरिष्ठांशी असं बोलतात?"

"माहीत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल सर. खरं लिहिलं तर तुम्हालाच तो कागद फाडावा लागेल. रांगेत उभं करा, मी उभी राहीन. जमाव काय करेल हे मात्र यापुढे मला विचारू नका."

त्यांना काही उमगलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. कागद त्यांनी परत ओढून घेतला. कसुरी रिपोर्ट आला नाही. पथकात मी आहे. म्हाताऱ्यांची गाठ सुटली म्हणून ठेवलं, की माझं तोंड जवळ असलेलं बरं म्हणून, देव जाणे. टिटवाळ्याची माझ्याशी बोलते, पण बोंबील दुसरीकडून घेते. तिने साहेबांना सांगितलं की नाही हे मी विचारलं नाही, आणि मी तिच्यावर संशय घेतलेला, हे तिने मला विचारलं नाही.

मावशी अजून लाइनीत जाते. गेल्या रविवारी आई म्हणाली की बाईसाहेबांनी तिच्याकडून पापलेट घेतले.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. सुई जाळ्यात तशीच राहिली.

"तुला कशाला पायजे?"